आधी जीव भांड्यात पडू दे

प्रश्न : ताई, माझं वय ३६. लग्नाला नऊ वर्षं झाली, एक मुलगी आहे. दीड वर्षापूर्वी नवऱ्याची नोकरी गेली. (ते त्यानं मला अठरा दिवस सांगितलंच नव्हतं, रोज वेळेवर आवरून बाहेर पडायचा. पण ते आता जुनं झालं.) पुढचे सात महिने माझ्या पगारावर घर चाललं. मग त्याला दुसरं काम मिळालं, आता हप्तेही वेळेवर जातात. सगळं पूर्ववत आहे, फक्त मला त्याच्याजवळ जावंसं वाटत नाही. भांडण नाही, मनात दुसरं कोणी नाही. तो माया करतो, मुलीचं सगळं बघतो. पण रात्री त्यानं खांद्यावर हात ठेवला की माझ्या डोक्यात उद्याच्या कामांची यादी सुरू होते. तो म्हणतो, तुझं प्रेम आटलं. संकट चालू असताना असं झालं असतं तर मी समजू शकले असते. संकट सरल्यावर का?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात घातलंत. त्याकडे येतेच. आधी ‘संकट सरल्यावर का’ हे बघू.

संकट सरलं हे हिशेबाच्या वहीला लगेच कळतं. शरीराला कळायला वेळ लागतो. माझंच सांगते. सासरे आठ महिने अंथरुणाला खिळले होते आणि रात्रीची पाळी माझी होती. अडीच वाजता औषध. ते गेले, त्यानंतर चार महिने मी बरोबर अडीचला टक्क जागी व्हायचे. गजर नाही, हाक नाही. उठून बसायचे आणि मग आठवायचं, आता कोणालाच काही द्यायचं नाहीये. त्या दिवसांत नवऱ्यानं नुसता केसांतून हात फिरवला तरी मला वाटायचं, हे आणखी एक काम. आणि दिवसभर मी दवाखान्यात बसून याच विषयावर लोकांना सल्ले देत होते! आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

धोका जाणवला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९१५ च्या सुमारास दाखवून दिलं. हृदय जोरात धडधडतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं. ज्या कामावाचून आत्ता अडत नाही ते सगळं मागे टाकलं जातं, आणि शृंगारावाचून त्या घटकेला कोणाचंच अडत नाही. ही सज्जता काही मिनिटांपुरती असेल तर बिघडत नाही. तुमची सात महिने चालली. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. ताण आला की कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक तयार करण्याचा निरोप तिथूनच निघतो, आणि स्त्री-पुरुषांच्या लैंगिक संप्रेरकांना हलवणारा निरोपही तिथूनच. पहिला निरोप सारखा जात राहिला की दुसरा दबतो. फार ताणाच्या काळात काहीजणींची पाळी लांबते किंवा चुकते, ती याच वाटेनं. पाळी चुकली तर आपण ‘ताणामुळे असेल’ म्हणतो आणि शरीराला सांभाळून घेतो. इच्छा गेली तर मात्र ‘प्रेम आटलं’ म्हणतो. हा न्याय मला कधी कळलेला नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. किन्से इन्स्टिट्यूट या लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकन संस्थेतल्या जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन यांनी २००० मध्ये एक मांडणी केली, आणि माझ्या कामात तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झालेला नाही. इच्छेला दोन पेडल आहेत, एक ॲक्सिलरेटर आणि एक ब्रेक, आणि दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र चालतात. लोक माझ्याकडे येतात ते ॲक्सिलरेटरच्या तक्रारी घेऊन : सुगंध आणला, सहलीला गेलो, नवे कपडे घेतले, काही होत नाही. कसं होणार? पाय ब्रेकवर घट्ट आहे. तुमच्या डोक्यातली ती यादी म्हणजे ब्रेकच. तो खांद्यावर हात ठेवतो त्या क्षणी ती सुरू होते, म्हणजे काही आठवावं लागतंय म्हणून नाही. अजून पहारा सोडायचा नाही, असं आत कोणीतरी म्हणतंय म्हणून.

त्यात त्यानं ‘प्रेम आटलं’ म्हटल्यावर प्रत्येक स्पर्श ही परीक्षाच झाली असणार. आता मला वाटेल का, वाटतंय का, नाही वाटलं तर तो काय म्हणेल? मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकतेच्या अभ्यासक जोडीनं १९७० मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं होतं : माणूस स्वतःच्याच शय्येचा प्रेक्षक होतो. प्रेक्षकाला इच्छा होत नाही, तो फक्त बघतो.

आता तो कंस.

अठरा दिवस. तुम्ही पुढचे सात महिने एकटीनं घर ओढलंत, त्याचा सूर तुमच्या पत्रात कुठेही कडवट नाही. पैसा गेला, परत आला. पण ते अठरा दिवस तुम्ही सकाळी ज्याला निरोप दिलात तो माणूस कुठे जात होता हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. ‘सुरक्षित’ हा शब्द मला कुलपाबद्दल, विम्याबद्दल बरोबर वाटतो. माणसाबद्दल आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे, निर्धास्त. धास्ती नसलेली. तुमचं घर सुरक्षित झालंय. तुम्ही निर्धास्त झालेल्या नाही.

आणि हे फक्त मनाचे खेळ नव्हेत. जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ विवाहित स्त्रियांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि घोट्याला विजेचा बारीक झटका बसू शकतो असं सांगितलं. काही वेळा त्यांच्या हातात कोणाचाच हात नव्हता, काही वेळा अनोळखी माणसाचा होता, काही वेळा नवऱ्याचा. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सगळ्यात जास्त शमली. पण सगळ्यांची सारखी नाही. जिचं नातं जास्त समाधानाचं, तिची खळबळ जास्त शमली. हात तोच, पाच बोटांचा. त्यातून काय पोचतं ते नात्यावर ठरतं.

तर पहिलं काम बिछान्यातलं नाहीच. तो त्या अठरा दिवसांत कुठे बसायचा, हे तुम्ही त्याला कधी विचारलंत का? मला खात्री आहे, नाही. ‘जाऊ दे, आधीच खचलाय’ म्हणून गिळलं असेल. आता विचारा. कोर्टात विचारतात तसं नको. दिवसभर काय करायचास, दुपारी काय खायचास, घरी येताना काय ठरवून यायचास? आणि त्याच दिवसांत तुम्ही काय करत होतात ते त्याला सांगा. त्यानं ‘चुकलो’ एवढ्यावर आटोपतं घेतलं तर थांबवा. माफी मिळाली की मागणारा मोकळा होतो. कंसातलं वाक्य कंसातच राहतं. पुढे काही अडलं, बिघडलं, तर मला त्याच दिवशी कळेल, हे तुमच्या आत उतरायला हवं. ते बोलून नाही, वागून उतरतं. ऑफिसात काही वाजलं आणि त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं, असं चार-सहा वेळा घडावं लागेल.

दुसरं काम त्याच्याशी ठरवून करायचं. पुढचे काही आठवडे शरीरसंबंध यादीतून काढून टाका. दोघांनी मिळून, स्पष्ट शब्दांत. पाठीवरून हात फिरवणं, कुशीत पडून राहणं, एवढंच. पुढे जायचं नाही, दोघांना इच्छा झाली तरी नाही. हेही मास्टर्स आणि जॉन्सन यांचंच, आणि पन्नासहून जास्त वर्षं समुपदेशक ते वापरतायत. त्यातली खोच एवढीच की स्पर्शाला पुढचा मुक्काम उरला नाही की परीक्षा रद्द होते. तो हात ठेवेल आणि तुम्हाला ठाऊक असेल की याचं पुढे काही द्यायचं नाहीये. यादी त्या दिवशी सुरू होते की नाही बघा.

आणखी एक, सावधपणे. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २०००च्या सुमारास मांडलं की अनेक स्त्रियांची, विशेषतः जुन्या नात्यातली, इच्छा आधी येत नाही. आधी जवळीक, मग सुखावणं, आणि त्यातून इच्छा. तुम्हाला ‘आपोआप’ काही वाटत नाही याचा अर्थ काही उरलं नाही असा नव्हे. पण हेच वाक्य घेऊन काही नवरे बायकोला सांगतात, ‘तू सुरू तर कर, वाटेल नंतर.’ बॅसनबाईंनी असलं काही म्हटलेलं नाही. सुरुवात निर्धास्त मनानं झाली तरच ती साखळी पुढे सरकते.

झोप किती होते तेही लिहिलं नाहीत. २०१५ मधल्या एका अभ्यासात १७१ स्त्रियांनी दोन आठवडे नोंदी ठेवल्या. रात्री एक तास जास्त झोप झाली तर दुसऱ्या दिवशी जोडीदाराशी संबंध येण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पाच तासांवर घर ओढत असाल तर आधी तो एक तास मिळवा. मुलीचं रात्रीचं काही असेल तर ते त्याच्याकडे द्या, तो आनंदानं घेईल असं तुमच्या पत्रावरून वाटतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. नैराश्यावरची काही औषधं इच्छा कमी करतात, तशी चालू असतील तर डॉक्टरांशी बोला, परस्पर बंद करू नका.

प्रश्न : माझं वय ४१. आमच्याकडे उलटं आहे. कामाचा ताण जितका जास्त, तितकी मला बायको जवळ हवीशी वाटते. तिचं नेमकं विरुद्ध. परवा ती म्हणाली, ‘तुला मी नकोय, झोपेची गोळी हवीय.’ मला फार लागलं. माझ्यात काही विकृती आहे का?

उत्तर : विकृती नाही. बँक्रॉफ्ट यांनीच पुढे लोकांना विचारलं की मन चिंतेत असताना किंवा उदास असताना इच्छेचं काय होतं. बहुतेकांची कमी होते, पण थोड्याजणांची वाढते. तुम्ही त्या थोड्यांतले. तुमचा जीव जवळिकीत शांत होतो, तिचा आधी शांत झाल्याशिवाय ती जवळ येऊ शकत नाही. तुम्हाला जे औषध वाटतं ते तिला पथ्य सुटल्यावरचं जेवण आहे. दोघंही खरे.

पण तिचं वाक्य लागलं म्हणून टाकून देऊ नका, फार नेमकं आहे ते. दहा तास डोक्यात साचलेलं घेऊन तुम्ही थेट तिच्याकडे येता, आणि तिला कळतं की हे माझ्यासाठी नाही, कुणीही चाललं असतं. ते साचलेलं आधी दुसरीकडे उतरवा. चालून या, धावून या, अंघोळ करा, कोणा मित्राला फोन करून बॉसला मनसोक्त शिव्या घाला. मग तिच्याजवळ बसून तिचा दिवस कसा गेला ते विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत ऐका. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. गुरित बिर्नबाउम आणि सहकाऱ्यांनी शंभर जोडप्यांना सहा आठवडे रोजनिशी ठेवायला लावली होती. हा अभ्यास २०१६ मध्ये आला. ज्या दिवशी ‘जोडीदार मला समजून घेतो’ असं वाटलं, त्या दिवशी इच्छाही जास्त होती, आणि हा परिणाम स्त्रियांमध्ये अधिक ठळक होता.

एक मात्र टाळा. बिछान्यात पडल्या पडल्या, हेतू मनात ठेवून, ‘कसा गेला दिवस?’ असं विचारू नका. बायकांना त्या प्रश्नाचा वास लगेच येतो.

प्रश्न : तुम्ही नेहमी शांतता, विश्वास वगैरे लिहिता. आमचं तर कडाक्याच्या भांडणानंतरच जमतं, आणि छान जमतं! एरवी सगळं थंड. मग भीती-ताण इच्छेला मारतात हे खोटं ना?

उत्तर : खोटं नाही, अर्धं आहे. कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नावाचा झुलता पूल आहे, दरीपासून सत्तर मीटर उंच. डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका तरुणीनं त्या हलत्या पुलावर पुरुषांना थांबवून काही प्रश्न विचारले आणि जाताना आपला फोन नंबर दिला. जवळच्याच एका भक्कम, बुटक्या पुलावरही तसंच केलं. हलत्या पुलावरच्या पुरुषांनी नंतर तिला कितीतरी जास्त प्रमाणात फोन केले. धडधड पुलामुळे होती, त्यांनी ती तिच्या नावावर जमा केली.

पण पूल पलीकडच्या काठाला संपतो, आणि हे त्यांना ठाऊक होतं. तुमचंही भांडण संपतं. सोडून जाईल की काय इथपर्यंत गेलेलं मन परत येतं, जीव भांड्यात पडतो, आणि त्या सुटकेत तुम्ही एकमेकांना बिलगता. म्हणजे तुम्हालाही ओढ वाटते ती धास्ती सरल्यावरच, भांडण रंगात असताना नाही. मला काळजी वेगळीच वाटते : ज्यावरून भांडलात तो विषय नंतर मिटतो का, की बिलगण्यात विरून जातो आणि पंधरा दिवसांनी तोच विषय पुन्हा? तसं असेल तर तुम्ही भांडणं पुरवून पुरवून वापरताय. दोघांची धडधड वाढवायला डोंगर चढण्यासारखे स्वस्त उपायही आहेत.

प्रश्न : वय २९. इच्छा वाढवणारं औषध सांगा. माझ्या नवऱ्याला राग फार आहे. मारत नाही, पण वस्तू फेकतो. तो घरी येतो तेव्हा कुलपात किल्ली कशी फिरते त्यावरून मला कळतं आज कसं असेल. नंतर तो फार प्रेमानं वागतो, आणि तेव्हाच मला काही वाटत नाही, म्हणून मलाच अपराधी वाटतं.

उत्तर : औषधं आहेत. अमेरिकेत २०१५ मध्ये फ्लिबॅन्सेरिन नावाच्या गोळीला मान्यता मिळाली, २०१९ मध्ये आणखी एका इंजेक्शनला. दोन्ही कोणासाठी नाहीत हेही मान्यतेतच लिहिलंय : नात्यातल्या त्रासामुळे इच्छा गेली असेल तर ही द्यायची नाहीत. तुम्हाला मी ती सुचवणार नाही, आणि कोणी सुचवली तर घेऊ नका.

पहिल्या पत्राच्या उत्तरात मी ब्रेक सोडवण्याबद्दल लिहिलं. ते तुमच्यासाठी नाही. त्या बाईंचा धोका सरला होता आणि शरीराला ते कळलं नव्हतं. तुमचा धोका रोज संध्याकाळी दाराशी येतो. किल्लीच्या आवाजावरून माणूस ओळखता येणं ही निरोगी, तल्लख शरीराची खूण आहे, आणि तेच शरीर रात्री ‘नाही’ म्हणतंय. त्यात अपराधी वाटावं असं काही नाही. नंतरचं त्याचं प्रेम खरं असेलही. पण फेकलेली वस्तू आणि नंतरची माया एकाच हाताची, हे तुमच्या मेंदूनं नोंदवून ठेवलंय.

इच्छेचा विषय सध्या बाजूला ठेवा. वस्तू भिंतीवर फेकली काय आणि तुमच्या दिशेनं फेकली काय, हे घाबरवणंच आहे, ‘मारत नाही’ म्हणून ते लहान होत नाही. ज्याच्यावर तुमचा पूर्ण विश्वास आहे अशा एका माणसाला हे सांगून ठेवा, आणि रात्री-अपरात्री त्याच्याकडे जाता येईल ना ते आजच विचारा. कागदपत्रं, थोडे पैसे, एक जोड कपडे त्याच्याकडे ठेवता आले तर ठेवा. एकट्या जाऊन समुपदेशकाला भेटा. दोघांनी मिळून जायचं आत्ताच नको, तिथे खरं बोललात तर घरी त्याची किंमत मोजावी लागू शकते. रागावर काम त्यानं त्याचं वेगळं करायचं, आणि ते तो करतो की नाही हे त्याच्या शब्दांवरून नाही, किल्लीच्या आवाजावरून तुम्हाला कळेल.

हे उत्तर मी तुमचं गाव आणि तुमच्या पत्रातल्या चार-पाच खुणा गाळून छापतेय. पुन्हा लिहाल तेव्हा पाकिटावर वेगळा पत्ता द्या, उत्तर तिथे पाठवीन.